जुनी गाडी राखावी की काढावी? मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीचा इतिहास

१/१३
३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवर एकही प्रीमियर पद्मिनी टॅक्सी अधिकृतरीत्या उरली नाही. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती आणि मुंबईत टॅक्सीचे आयुष्य २० वर्षांचे ठरलेले आहे. ती गाडी त्या दिवशी कशी चालत होती, हा प्रश्न नियमाने विचारलाच नाही.

२/१३
जुनी गाडी राखावी की काढावी, हा वरकरणी घरातल्या जमाखर्चाचा प्रश्न. दुरुस्तीचा खर्च एका बाजूला, नव्या गाडीची किंमत दुसऱ्या बाजूला. परंतु काळ्यापिवळ्या टॅक्सीचा इतिहास पाहिला, की या प्रश्नाचे उत्तर मालकाने एकट्याने क्वचितच दिले असल्याचे दिसते. कधी टंचाईने दिले, कधी मिस्त्रीने, कधी न्यायालयाने, तर कधी शासनाने.

३/१३
सुरुवात टंचाईपासून. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत मोटारजुळणी सुरू केली होती. स्वातंत्र्यानंतर सरकारने तयार मोटारींच्या आयातीवर निर्बंध आणले. पुढे, केवळ सुटे भाग आणून जुळणी करणाऱ्या आणि देशात उत्पादनाचा आराखडा नसलेल्या कंपन्यांना येथे थारा नाही, असे धोरण १९५३ मध्ये ठरले. फोर्ड आणि जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला. १९५१ च्या उद्योग कायद्याने उत्पादनावर परवान्यांचे बंधन आधीच आले होते.

४/१३
या चौकटीत जे मोजके उत्पादक उरले, त्यांत वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स होती. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायस्लरच्या गाड्यांची जुळणी झाली, मग इटलीच्या फियाटशी करार झाला. फियाट ११०० चे पहिले गोलसर रूप लोकांनी ‘डुक्कर फियाट’ म्हणून ओळखले. १९६४ च्या सुमारास ‘डिलाइट’ आली. १९७० च्या दशकात तीच गाडी आधी ‘प्रेसिडेंट’ आणि मग ‘पद्मिनी’ झाली.

५/१३
नवी गाडी हवी असेल तर नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. काही काळ मोटारींच्या किमतीही सरकार ठरवत असे. मागणी मोठी, पुरवठा तुटपुंजा. त्यामुळे वापरलेल्या गाडीलाही बाजारात चांगला भाव येई. अशा काळात गाडी काढून टाकणे हा पर्याय बहुतेकांपुढे नव्हताच. आज ज्याला काटकसर किंवा जिव्हाळा म्हटले जाते, त्याच्या मुळाशी बरीचशी नाइलाजाची गोष्ट होती.

६/१३
परंतु त्याच टंचाईने एक व्यवस्थाही घडवली. पद्मिनीचे १०८९ सीसीचे, कार्बोरेटरचे साधे इंजिन तीन दशकांत फारसे बदलले नाही. त्यामुळे एका गाडीचे बरेचसे भाग दुसरीला बसत. चोरबाजारात आणि कुर्ल्याच्या भंगारबाजारात जुने भाग मिळत. विशेष यंत्रांवाचून, कानाने आणि हाताने दोष ओळखणारे मिस्त्री शहरभर होते. भाग आणि हात, ही दोन्ही जवळ असेपर्यंत गाडी म्हातारी होत नाही. तिला फक्त खर्च येतो.

७/१३
मिस्त्रीलाही मर्यादा होत्या. झिजलेल्या इंजिनाचे सिलिंडर बोअर करून त्यात मोठ्या मापाचे पिस्टन आणि रिंगा घालता येतात. इंजिन पुन्हा तरुण होते. पत्र्याचे तसे नाही. या गाडीला स्वतंत्र चासी नाही, तिचा पत्र्याचा सांगाडाच सारा भार पेलतो. समुद्राची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस तो पत्रा आतून खातो. ठिगळ जोडता येते, पण ठिगळ जोडायलाही धड पत्रा शिल्लक असावा लागतो. मुंबईत गाडीचा अंत इंजिनाआधी तळाच्या पत्र्यात दिसू लागे.

८/१३
टॅक्सीमालकाच्या हिशेबात आणखी एक गोष्ट होती: परमिट. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ८३ नुसार परवानगी घेऊन त्याच परमिटवर जुन्या गाडीऐवजी त्याच प्रकारची दुसरी गाडी आणता येते. म्हणजे गाडी बदलली तरी धंदा टिकतो. मग मालक जुनीच का राखत? कारण तिचे हप्ते फिटलेले असत. दिवसाच्या कमाईतून इंधन आणि दुरुस्ती वजा जाता उरेल ते घरचे. नवी गाडी म्हणजे पहिल्याच दिवसापासून कर्ज. जुन्या गाडीचा खर्च अनिश्चित, पण तो थोडा पुढे ढकलता येतो. हप्ता ढकलता येत नाही.

९/१३
या हिशेबाची दुसरी बाजूही खरी आहे. पुढे ढकललेली दुरुस्ती कधीतरी व्याजासह वसूल होते. गाडी गॅरेजमध्ये उभी असेल त्या दिवसाची कमाई बुडते, आणि दुसऱ्याची टॅक्सी पाळीने चालवणाऱ्याच्या घरी त्या दिवशी काहीच येत नाही. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, १९९१ नंतर बाजार खुला झाला आणि पर्याय वाढले. नव्या शतकाच्या आरंभी पद्मिनीचे उत्पादन थांबले. त्यानंतर चालत्या गाड्यांना बरेच भाग पुरवायला राहिल्या त्या मोडीत निघालेल्या गाड्या.

१०/१३
याच सुमारास प्रश्न मालकाच्या हातून निसटला. मुंबईच्या हवेतील धुराविरुद्ध स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम या नागरिकांच्या संघटनेने मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. १९९९ च्या अखेरीस न्यायालयाने व्ही. एम. लाल समिती नेमण्याचा आदेश दिला. पुढच्या आदेशांनुसार १५ वर्षांहून जुन्या टॅक्सींना दोनच वाटा उरल्या: सीएनजीसारखे स्वच्छ इंधन, नाहीतर मोड. याचा परिणाम गमतीदार झाला. ज्यांनी सीएनजीचा खर्च केला त्यांचे इंधन स्वस्त झाले. डिकीतली जागा टाकीने घेतली, सामान कॅरियरवर चढले आणि म्हाताऱ्या पद्मिनीला आणखी काही वर्षे मिळाली.

११/१३
ती वर्षेही मोजकीच होती. २००८ मध्ये टॅक्सींसाठी २५ वर्षांची वयोमर्यादा आली. २०१३ मध्ये ती २० वर आली. खरे तर टॅक्सीला ठरावीक काळाने पासिंग करून घ्यावेच लागते. ब्रेक, दिवे, धूर यांची तपासणी त्यात अपेक्षित असते. मग वयाची अट कशाला? शासनाच्या बाजूने उत्तर असे, की जुन्या बांधणीच्या गाडीला नव्या सुरक्षा व प्रदूषण मानकांपर्यंत नेता येत नाही आणि हजारो गाड्यांची काटेकोर तपासणी कठीण असते. वय मोजणे सोपे. त्या सोपेपणाची किंमत मात्र ज्याने गाडी नीट राखली होती त्यानेच अधिक मोजली. हयगय करणाऱ्याची गाडी तशीही जाणारच होती.

१२/१३
खासगी गाडीला हा नियम नाही. १५ वर्षांनी तपासणी करून तिची नोंदणी पाच-पाच वर्षांसाठी वाढवता येते. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या या पुनर्नोंदणीचे शुल्क ६०० वरून ५००० रुपये झाले. म्हणजे तिथे सक्ती नाही, पण कल स्पष्ट आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. मात्र तिच्यावर धंदा करता येत नाही.

१३/१३
हे नियम शेजारी ठेवले, की चित्र पुरे होते. पोट भरणारी गाडी विसाव्या वर्षी मोडीत निघते. हौसेची गाडी पन्नाशी गाठली तर वारसा ठरते. निदान एक काळीपिवळी पद्मिनी जतन करावी, ही टॅक्सीचालक संघटनेची मागणी म्हणूनच समजण्यासारखी आहे. ती मान्य झाली तरी जपला जाईल तो पत्रा. बोअर करणारा मिस्त्री, भंगारातून नेमका भाग शोधून देणारा दुकानदार आणि हप्ते फिटलेल्या गाडीवर संसार चालवणारा मालक ज्या व्यवस्थेत एकमेकांना धरून होते, ती संग्रहालयात ठेवता येत नाही. पद्मिनी इतकी वर्षे चालली ती त्या व्यवस्थेमुळे.