अद-दूर

संयुक्त अरब अमिरातींतील उम्म अल कुवैनमधले, खोर अल बैदा या उथळ खाडीकाठचे प्राचीन बंदरनगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ते भरभराटीस होते. जुन्या प्रवासवर्णनांतील ‘ओमाना’ हेच असावे, हे मत ग्राह्य वाटते. ‘पेरिप्लस’ या सागरी व्यापारमार्गांच्या वर्णनाच्या अनामिक ग्रीक लेखकाने ओमानात भडोचहून येणारे तांबे, सागवान व शिसवी लाकूड आणि तिथून बाहेर जाणारे मोती व दोरीने शिवलेल्या होड्या नोंदवल्या. पैठण आणि तेरचा मालही भडोचलाच उतरत असे, म्हणून हा प्रश्न महाराष्ट्राच्या व्यापारेतिहासाचाही आहे.

आक्षेप असा, की हाच लेखक ओमाना आखाताच्या मुखाबाहेर, इराणच्या बाजूला ठेवतो. पण रोमन लेखक प्लिनी त्याला अरबस्तानात ठेवतो आणि कर्मानियाचे, म्हणजे दक्षिण इराणचे, बंदर म्हणणाऱ्या आधीच्या लेखकांना खोडून काढतो. ऐकीव अंतरांपेक्षा ही जाणीवपूर्वक केलेली दुरुस्ती अधिक वजनदार आहे. खाडी उथळ असल्याची हरकतही टिकत नाही. शिवलेल्या हलक्या होड्यांना खोल पाणी लागत नसे. शिवाय 1973 मध्ये इराकी आणि 1987 पासून युरोपीय पथकांनी केलेल्या उत्खननांत रोमन काच आणि गिलावा केलेले चौकोनी देऊळ सापडले. तिथल्या दगडी कुंडावरील आरामाइक लेखात सूर्यदेव शमशचे नाव आहे. इतके दूरवरचे संबंध दाखवणारे त्या काळातले दुसरे बंदर या किनाऱ्यावर अद्याप मिळालेले नाही. मात्र ‘ओमाना’ हे नाव कोरलेला लेख इथे सापडलेला नसल्याने ही ओळख संभाव्यच मानावी.