घरी २४ तासांची केअरटेकर ठेवली तर दिव्यांगाचं अनुदान बंद होतं का?

थोडक्यात उत्तर: नाही. केअरटेकर घरात राहते एवढ्याच कारणावरून संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे पैसे थांबत नाहीत. पण राहायला येणारी व्यक्ती कोण आहे आणि तिचा पगार कुठून येतो, यामुळे अडचण होऊ शकते. ती कशी, ते पाहू.

योजना नेमकं काय तपासते?

दिव्यांगांसाठी मुख्य अटी दोन आहेत. प्रमाणपत्रावर किमान ४० टक्के दिव्यांगत्व हवं आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५० हजार रुपयांच्या आत हवं. दिव्यांगांना दरमहा मिळणारी रक्कम २०२५ मध्ये १,५०० वरून २,५०० रुपये झाली. घरात किती माणसं झोपतात, हे या अटींत कुठेच येत नाही.

ब्रिटनमध्ये मात्र तसं आहे. तिथे काही जुन्या भत्त्यांमध्ये तीव्र दिव्यांग व्यक्तीला एकटं राहण्याबद्दल जादा रक्कम मिळते. दुसरी प्रौढ व्यक्ती कायमची राहायला आली, किंवा कुणी तिची काळजी घेण्याबद्दल सरकारकडून भत्ता घेऊ लागलं, तर ती रक्कम जाऊ शकते. हा नियम आपल्याकडचा नाही.

मग धोका कुठे आहे?

समजा, नागपूर जिल्ह्यातल्या खाप्यात एक पन्नाशीचे गृहस्थ आहेत. दोन्ही पाय निकामी, दिव्यांगत्व ७० टक्के. अनुदानाचं काम सावनेरच्या तहसील कार्यालयात चालतं. आजवर पत्नी घरी राहून सगळं करत होती. आता तिला कामावर जायचं आहे, म्हणून गावाकडची विधवा बहीण राहायला आली. बहिणीची स्वतःची कमाई नसेल तर उत्पन्नाच्या दाखल्यावरचा आकडा जिथल्या तिथे राहतो.

पण पत्नी कामाला लागली की तो हलतो. रोज ३०० रुपये मजुरी धरली तर १६७ दिवसांत ५०,१०० रुपये होतात. म्हणजे सहा महिनेही नीट काम मिळालं नाही, तरी मर्यादा ओलांडली. अनुदान जातं ते केअरटेकर आल्यामुळे नव्हे, तर तिच्यामुळे मोकळी झालेली बाई कमावू लागल्यामुळे. महिन्याला जेमतेम ४,१६७ रुपयांवर आखलेली ही रेघ मुळातच फार खाली आहे. दिव्यांगाच्या घरातल्या माणसानं घरीच बसावं, असाच तिचा परिणाम होतो.

पगारी बाई ठेवली तर दुसरा पेच. तिचा पगार हे तुमचं उत्पन्न नाही, तो तुमचा खर्च आहे. पण महिन्याला आठ हजार दिले तर वर्षाचे ९६ हजार होतात. ५० हजारांच्या दाखल्यावर ९६ हजारांचा खर्च कसा भागतो, असा प्रश्न चौकशीत विचारला जाऊ शकतो. हा पगार पुण्याचा भाऊ किंवा लग्न झालेली मुलगी परस्पर देत असेल, तर तो तिच्या खात्यावर ऑनलाइन द्यावा. कोण देतं याचा पुरावा राहतो.

कमावता मुलगा, उदाहरणार्थ गुमगावच्या मँगनीज खाणीत कायम नोकरी असलेला, वडिलांना सांभाळायला परत आला आणि त्याच शिधापत्रिकेवर चढला, तर त्याचा पगार कुटुंबाच्या उत्पन्नात धरला जाण्याची शक्यता मोठी. रेशनवरही याचा परिणाम होतो. शहरी भागात प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक मर्यादा ५९ हजार रुपये आहे आणि खापा नगरपरिषदेचं गाव असल्यामुळे तिथे हीच लागते. त्यामुळे नाव चढवण्याआधी हा हिशेब करून घ्या. पगारी केअरटेकरचं नाव तुमच्या शिधापत्रिकेवर चढवायची तर गरजच नाही.

केअरटेकरसाठी सरकार काही देतं का?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये काळजी घेणारी व्यक्ती म्हणजे कोण, हे स्पष्ट लिहिलं आहे: पैसे घेऊन किंवा न घेता काळजी घेणारी कुणीही, आईवडील आणि घरचे लोकही त्यात आले. याच कायद्याच्या कलम २४ मध्ये जास्त आधाराची गरज असलेल्या दिव्यांगांना काळजीवाहक भत्ता देण्याचा उल्लेख आहे आणि कलम ३८ नुसार अशा आधारासाठी अर्ज करता येतो. केरळ 'आश्वासकिरणम' योजनेतून काळजी घेणाऱ्यांना महिन्याला ६०० रुपये देतं. संजय गांधी योजनेत मात्र केअरटेकरसाठी वेगळी रक्कम नाही. जे आहे ते २,५०० मध्येच.

न्यायालयानं मात्र हा खर्च मान्य केला आहे. काजल विरुद्ध जगदीश चंद या २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं अपघातात कायमची अपंग झालेल्या मुलीला फक्त मदतनिसांसाठी २१ लाख ६० हजार रुपये मंजूर केले. महिन्याला दहा हजार, असा तो हिशेब होता. तुमच्या घरात दिव्यांगत्व वाहन अपघातामुळे आलं असेल आणि दावा चालू असेल, तर केअरटेकरला दिलेल्या पैशांच्या पावत्या वकिलांकडे द्या. घरच्यांनीच सांभाळलं असेल तरी हा मुद्दा वकिलांना सांगा.

लाडकी बहीण आणि करसवलत

दुसऱ्या सरकारी योजनेतून महिन्याला १,५०० किंवा जास्त मिळत असतील तर त्या महिलेला लाडकी बहीणचा लाभ नाही. त्यामुळे दिव्यांग बाईला दोन्ही मिळणार नाहीत. तिला सांभाळणारी सून मात्र स्वतःच्या पात्रतेवर अर्ज करू शकते, तिच्यावर सासूच्या अनुदानाची आडकाठी नाही.

जुन्या करप्रणालीत, दिव्यांग नातेवाइकाची काळजी घेणाऱ्याला ७५ हजार, तर दिव्यांगत्व ८० टक्के किंवा जास्त असल्यास सव्वा लाखाची वजावट मिळते. नव्या करप्रणालीत ती नाही.

एटीएम कार्ड कुणाकडे?

अनुदान दिव्यांगाच्याच आधार जोडलेल्या खात्यात येतं, ते केअरटेकरच्या खात्यावर वळवून घेऊ नका. कार्ड आणि पिन तिच्या हाती देणंही टाळा. बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुदिव्यांगत्व असलेल्या सज्ञान व्यक्तीला स्वतः व्यवहार करता येत नसतील, तर नॅशनल ट्रस्ट कायद्याखालच्या स्थानिक स्तर समितीकडून कायदेशीर पालक नेमून घेता येतो. या समितीसाठी चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयात करावी, म्हणजे खाप्याच्या लोकांनी नागपूरला.