शाळेचे वर्ष आणि कोयत्याचे वर्ष

१/
शेवगाव तालुक्यात दोन वर्षे एकाच वेळी चालतात. शाळेचे वर्ष जूनमध्ये उघडते आणि एप्रिलच्या परीक्षेने संपते. ऊसतोडीचे वर्ष दसरा-दिवाळीला सुरू होते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी कारखान्याचा पट्टा पडला की संपते. ज्या घरात कोयता आहे, त्या घरातील मुलाचे दुसरे सत्र या दोन वर्षांच्या कात्रीत सापडते. ही कात्री कशी घडली आणि ती सोडवण्याचे प्रयत्न कोणी, कसे केले, त्याचा हा इतिहास.

२/
आधी भूगोल. तालुक्याच्या उत्तरेला गोदावरी. १९७६ मध्ये जायकवाडी धरण पूर्ण झाले आणि नाथसागराचा फुगवटा या काठापर्यंत आला. मुळा धरणाच्या उजव्या कालव्याचे पाणीही तालुक्याच्या काही भागाला मिळते. बोधेगावच्या बाजूची जमीन मात्र बहुतांशी जिरायत. परिणामी एकाच तालुक्यात पाण्याच्या पट्ट्यात ऊस उभा राहतो आणि कोरड्या गावांतून ऊस तोडण्यासाठी माणसे बाहेर पडतात. शेजारच्या पाथर्डी, आष्टी, शिरूर कासार या तालुक्यांचीही हीच कहाणी आहे.

३/
शेतकऱ्याचे मूल शाळेबाहेर राहण्याचा प्रश्न मात्र उसापेक्षा जुना आहे, आणि त्याच्या इतिहासात नगरला महत्त्वाचे स्थान आहे. अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फॅरार १८३९ मध्ये नगरला आल्या व तेथे त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या. त्यांची शाळा पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले. १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा सुरू करण्यामागे ही प्रेरणा होती, असे पुढे स्वतः जोतीरावांनीच सांगितले.

४/
१८५५ मध्ये फुले दांपत्याने शेतकरी व कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. या घटनेचा उल्लेख बहुधा एका ओळीत उरकला जातो. पण तिच्यामागचा विचार मोठा आहे. विद्यार्थी दिवसा कामावर असेल, तर त्याला गैरहजर ठरवण्याऐवजी शाळेनेच आपली वेळ बदलावी, हे तत्त्व तेथे प्रत्यक्षात आले.

५/
१८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीरावांनी लेखी निवेदन दिले. बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही त्यातील मागणी प्रसिद्ध आहे. त्याच निवेदनात त्यांनी अनुपस्थितीचे कारणही नोंदवले: गरीब कुणब्याला गुरे राखायला आणि शेत सांभाळायला मूल लागते. म्हणून केवळ शाळा उघडून भागणार नाही. शिष्यवृत्त्या व बक्षिसेही द्यावीत, असे त्यांनी सुचवले. मूल शाळेत गेल्याने घराचे जे नुकसान होते, ते राज्याने ओळखावे, हा त्याचा अर्थ.

६/
पुढची चार दशके सक्तीच्या कायद्यांची होती. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो संस्थानभर नेला. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात विधेयक मांडले. पुढच्या वर्षी ते फेटाळले गेले. कोल्हापुरात राजर्षी शाहूंनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. कायदा मुलाला शाळेच्या दारापर्यंत आणू शकत होता. घरच्या हंगामाशी त्याची गाठ कशी घालायची, हे कोडे उरलेच.

७/
त्यावरचे उत्तर बोर्डिंगांनी शोधले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्यास नेली. सर्व जातींची मुले तेथे एकत्र राहत आणि स्वतःच्या श्रमावर शिकत. नगर जिल्ह्यात मराठा विद्या प्रसारक समाजाची स्थापना १९१८ ची. त्याच संस्थेच्या शेवगाव येथील माध्यमिक शाळेचे नाव आजही ‘रेसिडेन्शिअल हायस्कूल’ आहे. शिकायचे तर मुलाला राहायला जागा हवी, हा त्या काळाचा विचार या नावात टिकून आहे.

८/
नेमक्या याच जिल्ह्यात दुसरे मोठे परिवर्तन घडले. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून लोणी येथे १९५० मध्ये प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. पुढे अनेक कारखाने उभे राहिले. त्यांच्या परिसरात शाळा, महाविद्यालये, तंत्रनिकेतने आली. उसाने शिक्षणाला पैसा पुरवला, हे निर्विवाद. तोच ऊस तोडणाऱ्याच्या मुलाला त्या शिक्षणात जागा मिळाली का, हा प्रश्न मात्र वेगळा आहे.

९/
ऊसतोडीची रचना पाहिली की अडचण ध्यानी येते. पती-पत्नीची जोडी म्हणजे ‘एक कोयता’. एकटा माणूस ‘अर्धा कोयता’. मुकादम हंगामापूर्वी उचल देतो आणि ती फेडण्यासाठी दोघांनाही फडावर जावेच लागते. मागे मूल सांभाळायला आजी-आजोबा असतील तर ठीक. नसतील तर मूलही टोळीबरोबर निघते. कोपीवर धाकट्या भावंडाला सांभाळण्याचे काम बहुधा थोरल्या मुलीकडे येते. फुल्यांच्या निवेदनातील गुरे राखणारे मूल येथे नव्या रूपात भेटते.

१०/
१९६२ मध्ये जिल्हा परिषदा स्थापन झाल्या आणि ग्रामीण प्राथमिक शिक्षण त्यांच्याकडे आले. पुढच्या काळात गावोगावी, वाड्या-वस्त्यांवर शाळा पोहोचल्या. त्याच काळात, १९७२ च्या भीषण दुष्काळाने जिरायत शेतीचा कणा मोडला. शाळा गावात येत होती आणि गाव हंगामापुरते रिकामे होत होते. या दोन घटना एकत्र वाचल्याशिवाय या पट्ट्याचा शैक्षणिक इतिहास उलगडत नाही.

११/
नव्वदच्या दशकात ‘जनार्थ’सारख्या संस्थांच्या प्रयत्नांतून कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा भरू लागल्या. मूल जेथे आहे तेथे शाळा न्यायची, हा रात्रीच्या शाळेचाच वारसा. पुढे १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांचा प्रवेश ही स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी ठरली. मात्र कायद्याचा भर नियमित शाळेवर असल्याने साखरशाळांचा आधार क्षीण झाला. मग दुसऱ्या गावच्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून शिक्षण हमी कार्ड आले आणि मूल गावातच राहावे म्हणून हंगामी वसतिगृहे.

१२/
२०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि वर्ग मोबाइलवर गेला. मुलाकडे फोन आहे, तो चार्ज करायला वीज आहे, रेंज आहे, असे त्या वर्गाने गृहीत धरले होते. कोपीत यांपैकी कशाचीच शाश्वती नव्हती. २०२१ मध्ये राज्य शासनाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना जाहीर केली: ४१ तालुके, ८२ वसतिगृहे. भगवानबाबांचा गड पाथर्डी तालुक्यात, शेवगावच्या शेजारीच आहे. बोर्डिंगची शंभर वर्षांपूर्वीची कल्पना अशी परत आली.

१३/
या साऱ्या प्रयत्नांत दोन वाटा दिसतात. एक, मुलाला शाळेच्या वर्षात आणणे: सक्ती, बोर्डिंग, वसतिगृह. दुसरी, शाळेला मुलाच्या वर्षात नेणे: रात्रशाळा, साखरशाळा. दोन्ही आवश्यक ठरल्या, आणि दोन्ही अपुऱ्या पडल्या. कारण जोतीरावांनी दाखवलेले मूळ कारण, घराची गरज, उचलीच्या रूपाने कायम राहिले. आता फडात हार्वेस्टर यंत्रे येत आहेत. कोयता उद्या खरोखरच थांबला, तर दुसरे सत्र गमावत वाढलेल्या पिढीकडे ऊसही नसेल आणि दाखलाही नसेल.

१४/
इतिहासाच्या अभ्यासकांसाठी शेवटी एक साधन. गावच्या शाळेतील जुनी हजेरीपत्रके आणि जनरल रजिस्टर पाहावीत. दिवाळीनंतर कोणती नावे गळतात, शाळा सोडल्याचे कारण म्हणून काय लिहिले आहे, मुलींच्या नावांपुढील नोंदी कोणत्या इयत्तेपाशी थांबतात, हे त्यांत दिसते. बखरी आणि ताम्रपट जसे जपले जातात, तशी ही रजिस्टरेही जपायला हवीत. ऊसतोड कामगारांच्या मुलांनी स्वतःचा इतिहास क्वचितच लिहिला आहे. त्यांची गैरहजेरी मात्र तारीखवार नोंदलेली आहे.