चाळीतील वाढीव दिवे

मुंबईत 1905 साली वीज आणि ट्राम यांचा कारभार एका कंपनीच्या हाती आला आणि 1915 मध्ये खोपोलीच्या जलविद्युत् केंद्रातून गिरण्यांना शक्ती मिळू लागली. परंतु त्या गिरण्यांत राबणाऱ्यांच्या चाळीत वीज पुढे जेव्हा आली, तेव्हा ती बहुधा खोलीमागे एका दिव्यापुरतीच. सागवानी पट्टीवर क्लिपांनी जखडलेली तार, काळे बटण आणि छतावरून लोंबणारा होल्डर, एवढाच तो सरंजाम.

संसार वाढला, रेडिओ आला, इस्त्री आली. भिंतीत सॉकेट नसल्याने त्याच होल्डरात दुतोंडी जोड बसवून एकीकडे दिवा आणि दुसरीकडे इस्त्री चालवण्याची तजवीज घरोघर झाली, आणि टंचाईतली ही कल्पकता मला आदरणीयच वाटते. पण साठ वॅटचा दिवा जेमतेम पाव अँपिअर प्रवाह घेतो, साडेसातशे वॅटची इस्त्री सव्वातीन. आणि तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. फ्यूज वारंवार उडू लागला की चिनीमातीच्या कटआउटमध्ये जाड तांब्याची तार गुंडाळली जाई, म्हणजे पहारेकऱ्यालाच रजा दिली जाई.

1956 च्या विद्युत् नियमांनी दिवा, पंखा वा फ्यूज बदलण्यासारखी किरकोळ कामे वगळता मांडणीतील वाढ परवानाधारक ठेकेदारानेच करावी, असे बंधन घातले. नवा सॉकेट हवा असेल, तर जुन्या दिव्याच्या तारेला फाटा न फोडता जाणत्या माणसाकडून त्याची स्वतंत्र तार ओढून घ्यावी.