बारवेच्या पायऱ्या आणि नारू

बारवांचे शिलालेख वाचतांना संशोधकाचें लक्ष कर्ता, शक व संवत्सर यांकडे जातें. तें योग्यच आहे. परंतु ज्या लोकांकरितां हें पुण्यकृत्य झालें, ते तेथील पाणी कसें घेत असत, हा प्रश्न आम्हांस तितकाच महत्त्वाचा वाटतो. कारण नारू या रोगाचा फैलाव पाणी घेण्याच्या रीतीवर अवलंबून होता, आणि ती रीत विहिरीच्या बांधणीनें ठरत असे.

आपल्या वैद्यकग्रंथांत हा रोग ‘स्नायुक’ या नांवानें येतो. वृंदाच्या सिद्धयोगांत त्याचा निर्देश आहे. सोळाव्या शतकांतील भावप्रकाशांत त्यास स्वतंत्र प्रकरणच आहे. हातापायांत दोष कुपित होऊन सूज येते, ती फुटते, आंतून तंतु हळूहळू बाहेर पडतो आणि तो तुटल्यास पुन्हा कोप होतो, असें वर्णन भावमिश्र करतो. निरीक्षण सूक्ष्म आहे. कारण म्हणून मात्र शरीरांतील दोषच सांगितले आहेत.

खऱ्या कारणाचा मुख्य दुवा रशियन शास्त्रज्ञ अलेक्सेई फेदचेंको यानें इ. स. १८७० च्या सुमारास तुर्कस्तानांत उजेडांत आणला. रोग्याच्या पायावर फोड येतो, त्याची आग होते, आणि पाय पाण्यांत बुडविल्यानें ती निवते. त्याच वेळीं कृमीची मादी आपलीं सूक्ष्म पिलें पाण्यांत सोडते. सायक्लॉप्स नांवाचा बारीक जलजीव तीं गिळतो; तो दुसऱ्याच्या पोटांत पाण्याबरोबर जातो, आणि सुमारें वर्षानें तीन फुटांपर्यंत लांबीचा कृमि बाहेर पडूं लागतो. पाणी दिसावयास निर्मळ असे, म्हणूनच फसवणूक होई.

आतां बांधणीकडे वळूं. आडावर माणूस वर उभा राहतो. पोहरा खालीं जातो, पाय जात नाहींत. बारवेंत मात्र तो पायऱ्या उतरून पाण्यांत पाऊल टाकतो आणि तेथेंच घागर भरतो. साताऱ्याजवळील लिंब येथील बारा मोटेची विहीर शाहू महाराजांच्या कारकीर्दींत वीरूबाईंनीं बांधविली. तेथें वर मोटांच्या जागा व खालीं उतरण्यास जिना, अशा दोन्ही सोयी एकाच वास्तूंत आहेत. ती बागाइताकरितां होती, व तेथें नारू होता असें आमचें म्हणणें नाहीं; भेद समजण्यास ती सोयीची, इतकेंच.

मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायांत यतीनें पाणी वस्त्रानें गाळून प्यावें असें सांगितलें आहे. जैनांनीं हा आचार जीवहिंसा टाळण्यासाठीं कसोशीनें पाळला. घट्ट विणीच्या कापडांतून सायक्लॉप्स जात नाहीं. म्हणजे किड्याचा जीव वाचविण्याच्या हेतूनें जो आचार पाळला गेला, त्यानें माणसाचा पायहि वाचला.

नारूनिर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम इ. स. १९८३-८४ मध्यें सुरू झाला, तेव्हां देशांत सुमारें ४०,००० रोगी होते आणि बाधित राज्यांत महाराष्ट्रहि होता. या रोगावर लस नव्हती, कृमि मारणारें औषधहि नव्हतें. पायऱ्यांच्या विहिरींचे आड करणें, हातपंप बसविणें, पाण्यांत टेमेफॉस हें कीटकनाशक टाकणें आणि गाळण्यासाठीं फडकीं वाटणें, हेच उपाय होते. शेवटचा रोगी जुलै १९९६ मध्यें जोधपूर जिल्ह्यांत आढळला; फेब्रुवारी २००० मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें भारत नारूमुक्त ठरविला.

यावरून संशोधकांस एक विनंति आहे. आज ठिकठिकाणीं बारवांतील गाळ काढला जात आहे, हें अभिनंदनीय होय. त्या वेळीं एखाद्या बारवेच्या पायऱ्या भिंतीनें अडविलेल्या, किंवा तोंडावर कठडा व रहाट बसविलेला आढळल्यास, तो अरसिकांचा उपद्व्याप समजून लगेच फोडूं नये. तें काम कदाचित् याच मोहिमेंतील असेल. त्याचें माप, छायाचित्र व गांवांतील वृद्धांची माहिती प्रथम टिपून ठेवावी. तसेंच मोकळ्या झालेल्या बारवेचें पाणी परीक्षेवांचून पिण्यास देऊं नये. नारू गेला, तरी पटकी व विषमज्वर दूषित पाण्यांतूनच येतात. बारव बांधणाराचें नांव पुष्कळदां शिलेवर सांपडतें. पायऱ्या अडविणाराचें कोठेंच सांपडत नाहीं. तथापि लोकोपकार म्हणून दोघांचीहि नोंद इतिहासांत व्हावी, असें आमचें मत आहे.