पकडणे सोपे, सोडणे अवघड

डिस्क ब्रेकचा इतिहास सांगणाऱ्यांचा सगळा भर गाडी थांबवण्यावर असतो. बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टरने 1902 साली पेटंट घेतले, पण त्याचे तांब्याचे पॅड कर्कश ओरडत. कल्पना मागे पडली. 1953 साली डनलॉपचे डिस्क ब्रेक बसवलेल्या जॅग्वार सी-टाइपने ल मांची चोवीस तासांची शर्यत ताशी सुमारे 170 किलोमीटरच्या सरासरीने जिंकली आणि ड्रम ब्रेकचे दिवस भरत आले. हे सारे खरे, पण अर्धेच. पाय उचलल्यावर चकती सोडायची कशी, हे कोडे पकडण्याहून चिवट निघाले. ‘ब्रेक धरून राहतोय, चाक तापतंय’ ही गॅरेजातली तक्रार त्याच कोड्याची उरलेली बाकी आहे.

अमेरिकेतल्या क्रॉस्ले कंपनीने 1949 साली आपल्या छोट्या हॉटशॉट गाडीला चारही चाकांवर डिस्क ब्रेक दिले. तंत्र विमानांकडून आलेले. विमान काही हिवाळ्यात मीठ टाकलेल्या रस्त्यावरून रोज धावत नाही, गाडी धावते. ब्रेक गंजून चिकटू लागले आणि कंपनी मुकाट्याने ड्रमकडे परतली. ड्रममध्ये ब्रेक शूज मागे ओढायला दणकट स्प्रिंग असतात. डिस्कमध्ये तशी स्प्रिंग नव्हती, म्हणून डनलॉपने चकतीवर पॅड दाबणाऱ्या आपल्या सुरुवातीच्या कॅलिपरमध्ये पिस्टन मागे खेचणारी खास पिन बसवली. पुढे तीही गेली आणि काम आले चौकोनी छेदाच्या एका रबरी रिंगवर. दाब आला की ती पिळवटते, दाब गेला की पूर्ववत होताना पिस्टनला मिलिमीटरच्या लहानशा अंशाइतके मागे घेते. तेल अडवायचे, पिस्टन परत आणायचा, पॅडची झीजही भरून काढायची, ही तिन्ही कामे तिचीच. अतिशय हुशार काटकसर, पण बळाची शिल्लक तिने फारशी ठेवली नाही.

यावर कोणी म्हणेल, दोष रचनेचा नाही, हेळसांडीचा. आणि हँडब्रेकची केबल गंजली तर ड्रमही चिकटतोच. मान्य. ब्रेक ऑईल हवेतला ओलावा शोषते आणि ते वर्षानुवर्षे न बदलणारा मालक गंजाला आवतणच देतो. पण तेवढ्याशा गंजाने चाक अडते, कारण परतीचे बळच तुटपुंजे आहे. होज पाइप आतून फुगला तरी पायाचा जोर तेल पुढे ढकलतो. ते परत लोटणे त्या रिंगला झेपत नाही.

म्हणून तपासाची सुरुवात परतीच्या वाटेवरूनच करावी. गाडी जॅकवर असताना ब्लीड निपल जरासा सैल केल्याबरोबर अडलेले चाक सुटले, तर दाब अडकला आहे; होज किंवा मास्टर सिलिंडर पाहा. नाही सुटले, तर पिस्टन किंवा कॅलिपरच्या सरकत्या पिना गंजल्या आहेत. नुसते पॅड बदलून यातले काहीही सुटत नाही.