सिंदियाचा ताफा : एका जुन्या आगबोटीपासून चाळीसवर जहाजांपर्यंत

सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचे पहिले जहाज नवे नव्हते, मालवाहूही नव्हते. 1891 मध्ये इंग्लंडातल्या बॅरो येथे बांधलेली ही आगबोट ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ या नावाने कॅनेडियन पॅसिफिक कंपनीसाठी व्हँकुव्हर आणि हाँगकाँगच्या दरम्यान टपाल आणि उतारू नेत असे. पहिले महायुद्ध पेटले तेव्हा ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी ती विकत घेतली. जखमी सैनिकांसाठी तिचे तरंगते रुग्णालय केले आणि ‘लॉयल्टी’ हे नवे नाव दिले. युद्ध संपल्यावर तिचे काम संपले आणि 1919 च्या सुरुवातीला ती मुंबईत विक्रीला निघाली.

सोलापूरचे वालचंद हिराचंद तेव्हा रेल्वेची कंत्राटे घेत होते. बोटीच्या विक्रीची बातमी त्यांना दिल्लीहून मुंबईला येताना आगगाडीच्या डब्यात कळली, असे सांगतात. त्यांनी नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास यांना सोबत घेतले. 27 मार्च 1919 रोजी कंपनीची नोंदणी झाली. भांडवल साडेचार कोटी रुपयांचे ठरले आणि नाव ग्वाल्हेरच्या शिंदे (सिंदिया) घराण्याचे घेतले. 5 एप्रिलला ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनकडे निघाली.

धाडस मोठे होते, कारण आधीच्यांचे काय झाले हे मुंबईच्या व्यापाऱ्यांना पाठ होते. 1893 मध्ये जमशेटजी टाटांनी जपानच्या निप्पॉन युसेन कैशाच्या मदतीने पूर्वेकडे सूत आणि कापूस नेण्यासाठी स्वतःची वाहतूक सुरू केली. पी. अँड ओ. कंपनीने आपले दर इतके पाडले की टाटांना बोटी परत कराव्या लागल्या. 1906 मध्ये तुतिकोरीनला व्ही. ओ. चिदंबरम पिळ्ळै यांनी स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली आणि कोलंबोच्या फेऱ्यांसाठी ‘गॅलिया’ व ‘लावो’ ही दोन जहाजे आणली. ब्रिटिश कंपनीने भाडे उतरवले, उतारूंना फुकट छत्र्या वाटल्या, असेही सांगतात. 1908 मध्ये पिळ्ळै तुरुंगात गेले आणि पुढे कंपनीही बुडाली.

भाडे पाडणे हे यातले एकच हत्यार होते. दुसरे त्याहून चिवट होते. ठरलेल्या मुदतीत आपला सगळा माल संगनमतातल्या कंपन्यांच्याच जहाजांनी पाठवणाऱ्या व्यापाऱ्याला भाड्याचा काही भाग परत मिळे, पण तोही आणखी काही महिने तसाच ‘निष्ठावंत’ राहिला तरच. एक खेप जरी परक्या जहाजावर चढवली, तरी साठलेली सगळी सूट बुडे. त्यामुळे नव्या कंपनीने स्वस्त दर देऊ केला तरी व्यापाऱ्याला तिच्याकडे जाणे परवडत नसे. 1914 मध्ये पी. अँड ओ. आणि ब्रिटिश इंडिया या दोन बलाढ्य कंपन्या लॉर्ड इंचकेप यांच्या छत्राखाली एकत्र आल्या होत्या आणि सिंदियाची गाठ याच इंचकेपशी होती.

‘लॉयल्टी’ फार काळ टिकली नाही. अठ्ठावीस वर्षांची, उतारूंसाठी बांधलेली, कोळसा खाणारी ही बोट विलायतेच्या फेऱ्यांत नफा देईना. 1923 मध्ये तिची रवानगी भंगारात झाली. कंपनीने दुसरी, साधी मालवाहू जहाजे घेतली होती आणि कंपनी ब्रह्मदेशाच्या तांदळावर जगू लागली. रंगूनहून तांदूळ आणायचा, कलकत्त्याहून कोळसा मुंबईकडे न्यायचा, हा तिचा खरा धंदा झाला. जहाजांची नावे एका घराण्यातली होती : जलबाला, जलदूत, जलराजन, जलपालक, जलपद्म, जलतरंग.

इंचकेपनी पुन्हा दरयुद्ध छेडले आणि 1923 मध्ये सिंदियाला दहा वर्षांचा करार करावा लागला. कंपनीने भारत, ब्रह्मदेश आणि सिलोनच्या किनाऱ्यापुरतेच राहायचे, परदेशी मार्गांवर जायचे नाही आणि ताफा 75 हजार टनांच्या वर न्यायचा नाही. ताफा किती वाढावा हे आता मालाच्या आवकीवर वा भांडवलावर नव्हे, तर प्रतिस्पर्ध्याच्या कागदावर ठरत होते. कंपनी जगली ती याच अटीवर. किनाऱ्याची वाहतूक भारतीय जहाजांसाठी राखून ठेवावी, असे विधेयक 1928 मध्ये सिंदियाशी संबंधित असलेल्या साराभाई नेमचंद हाजी यांनी केंद्रीय कायदेमंडळात मांडले. ते कायद्यापर्यंत पोहोचले नाही, पण मागणी सभागृहात कायमची रुजली.

माणसांचा प्रश्नही होता. कोकणातले खलाशी पिढ्यान्‌पिढ्या परक्या बोटींवर राबत होते, मात्र जहाजाच्या ब्रिजवर उभा राहून हुकूम देणारा अधिकारी गोराच असे. 1927 मध्ये मुंबईत ‘डफरिन’ हे प्रशिक्षण जहाज सुरू झाले आणि हिंदी मुले अधिकारी होऊन बाहेर पडू लागली. 1929 मध्ये नरोत्तम मोरारजी अपघातात गेले आणि अध्यक्षपद वालचंदांकडे आले.

1937 मध्ये सिंदियाने ‘एल मदिना’ आणि ‘एल हिंद’ या उतारू बोटी हज यात्रेच्या मार्गावर उतरवल्या. तिथे मुघल लाइन या कंपनीचे बस्तान होते, म्हणून पुन्हा भाड्याची चढाओढ लागली. पण दुसऱ्या महायुद्धाने हा सारा हिशेब उधळून टाकला. 1942 च्या जानेवारीत जपानी पाणबुड्यांनी जलराजन, जलतरंग आणि जलपालक बुडवली. ऑक्टोबर 1943 मध्ये जलबाला एका जर्मन पाणबुडीची शिकार झाली. सैनिक घेऊन जाणारी एल मदिना 16 मार्च 1944 रोजी बंगालच्या उपसागरात बुडाली; तिच्यासोबत सुमारे 380 जणांचा अंत झाला. महिनाभरातच, 14 एप्रिलला, मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाचा स्फोट झाला. शेजारच्या जलपद्मचा, म्हणजे जवळपास चार हजार टनांच्या जहाजाचा, मागचा भाग उचलला जाऊन गोदीतल्या एका शेडच्या छपरावर येऊन पडला. एल हिंदही त्याच आगीत गेली.

याच काळात वालचंदांनी जहाजबांधणीत हात घातला होता. 21 जून 1941 रोजी विशाखापट्टणमला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते कारखान्याची कोनशिला बसली. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये त्या बंदरावर जपानी बॉम्ब पडले आणि काम रखडले. तरीही 14 मार्च 1948 रोजी ‘जलउषा’चे जलावतरण पंतप्रधान नेहरूंनी केले. स्वतंत्र भारतात बांधलेली ही पहिली मोठी आगबोट. पण कारखाना चालवण्याचा खर्च कंपनीला झेपेना. 1952 मध्ये सरकारने त्याचा मोठा हिस्सा घेतला आणि तो हिंदुस्थान शिपयार्ड झाला.

स्वातंत्र्यानंतर अडसर एकेक करून निघाले. विलायतेचा मार्ग पुन्हा खुला झाला, अमेरिकेच्या फेऱ्या सुरू झाल्या आणि 1950 नंतर किनाऱ्याची वाहतूक भारतीय जहाजांसाठी राखली गेली. हाजींची मागणी वीसेक वर्षांनी मान्य झाली होती. कंपनीचा कारभार नरोत्तम मोरारजींच्या सूनबाई सुमती मोरारजींकडे आला होता. भारतीय जहाजमालकांच्या संघटनेच्या त्या पहिल्या महिला अध्यक्ष होत्या. त्यांच्या काळात ताफा 43 जहाजांवर आणि साडेपाच लाख टन मालवाहू क्षमतेवर पोहोचला. 1965 च्या ऑगस्टमध्ये त्यांनी पुढे इस्कॉन स्थापन करणाऱ्या भक्तिवेदान्त स्वामी प्रभुपाद यांना ‘जलदूत’वर कलकत्त्याहून अमेरिकेला जाण्याची सोय करून दिली. इस्कॉनच्या इतिहासात ते मालवाहू जहाज त्यामुळे अजरामर झाले. 1971 मध्ये सुमतीबाईंना पद्मविभूषण मिळाले.

दुसरीकडे सरकारही जहाजमालक होत होते. 1950 मध्ये काढलेल्या ईस्टर्न शिपिंग कॉर्पोरेशनची व्यवस्था आधी सिंदियाकडेच होती. 1956 मध्ये ती पूर्णपणे सरकारी झाली. 2 ऑक्टोबर 1961 रोजी ती आणि वेस्टर्न शिपिंग कॉर्पोरेशन एकत्र होऊन 19 जहाजांचे शिपिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडिया उभे राहिले. जुन्या सिंदियाला आता घरातच तगडा स्पर्धक मिळाला होता.

खरा फटका मात्र पेटाऱ्यांनी, म्हणजे कंटेनरनी, दिला. पोती, गाठी आणि खोकी क्रेनने एकेक करून चढवणाऱ्या जहाजाला गोदीत दिवसच्या दिवस खोळंबावे लागे, कंटेनर जहाज तेच काम तासांत उरकून निघे. सिंदियाचा ताफा मुख्यतः पहिल्या प्रकारचा होता. नवी जहाजे कर्जावर घ्यावी लागत आणि 1980 च्या दशकात जगभर भाडी कोसळली तेव्हा हप्ते डोईजड झाले. 1987 मध्ये कर्जात बुडालेल्या कंपनीचा कारभार सरकारने हाती घेतला. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1989 मध्ये, मुंबईसमोर न्हावा शेवाला कंटेनरसाठी बांधलेले बंदर सुरू झाले.

परक्या कंपनीने घातलेली 75 हजार टनांची मर्यादा मोडून सिंदिया सातपट वाढली, पण बदललेल्या मालवाहतुकीने घातलेली मर्यादा तिला मोडता आली नाही. 5 एप्रिल हा दिवस 1964 पासून राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो आणि विशाखापट्टणमच्या जहाज कारखान्यालगतच्या भागाला लोक आजही सिंदियाच म्हणतात.